पाळ कोणाची, पाणी कोणाचे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतर आपल्याकडे जी चर्चासत्रे झाली, त्यांतल्या एकात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी एक वाक्य उच्चारले आणि सभागृहाने त्याला टाळ्या दिल्या. वाक्य असे: "संगणकाचे काम संगणकवाल्यांनी करावे, आपण साहित्याचे बघावे." टाळ्या देणाऱ्यांत मीही होतो, कारण हात आपोआप वर गेले होते. घरी परतताना, साकोलीच्या पुढे बसच्या खिडकीतून एक गाळाने भरलेला तलाव दिसला आणि ते वाक्य मनात टोचू लागले. आज मला ते वाक्य केवळ चुकीचे वाटत नाही, तर साहित्याच्या अध्यापकाने उच्चारू नये असे वाटते. या लेखाचा हेतू त्याचा प्रतिवाद करणे, एवढाच आहे.

आरंभ स्वतःच्या अपराधापासून करतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी लाखांदूर आणि पवनी तालुक्यांतील गावांत फिरून रोवणीची गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि दंडारीतील संवाद ध्वनिमुद्रित केले. गाणाऱ्या बहुतेक स्त्रिया साठीच्या पुढच्या होत्या. मुद्रणे आधी तबकड्यांवर होती. तबकड्या खराब होऊ लागल्या, तेव्हा आमच्या एका सहकाऱ्यांनी आपल्या वैयक्तिक खात्यातून ती सारी एका बड्या कंपनीच्या फुकट साठवणीत चढवली. आम्ही निश्चिंत झालो. मूल्यांकनाच्या अहवालात त्याचा दुवाही दिला आणि त्याचे गुण घेतले. पुढे ते सहकारी निवर्तले. त्यांचा भ्रमणध्वनी क्रमांक बंद झाला, आणि खाते उघडायचे तर त्याच क्रमांकावर आलेला संकेतांक हवा. दुवा आजही अहवालात आहे; टिचकी मारली की परवानगी मागतो. परवानगी देणारा माणूस नाही. गाणाऱ्यांपैकीही आता फारशा कोणी उरल्या नाहीत.

यात कंपनीने काही अन्याय केला असे मी म्हणत नाही. 'अटी मान्य आहेत' या चौकटीत खूण आम्हीच केली होती. अन्याय आम्ही केला, आणि तो त्या ओव्यांवर केला. एखाद्या हस्तलिखिताच्या बाबतीत आपण असे वागलो असतो काय? एकमेव पोथी एका परक्या गृहस्थाच्या वाड्यात ठेवून, किल्ली एकाच माणसाच्या कनवटीला बांधून, वर 'जतन झाले' असे अहवालात लिहिले असते काय?

आता मूळ आक्षेपाकडे वळू. हा विषय साहित्याचा नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी आपण वर्गात काय शिकवतो ते आठवावे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' का निघाले, हे आपण सांगतो. पैसे देऊ करूनही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही, हेही सांगतो. ज्यांच्या हाती छापखाना, त्यांच्याच हाती बोलण्याची परवानगी, हे ओळखून बाबासाहेबांनी पुढे स्वतःचा छापखाना उभारला. १९५४ साली ज्या भंडाऱ्यातून त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, त्या भंडाऱ्यातल्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगावेही लागत नाही. साठच्या दशकातील लघुअनियतकालिकांवर आपण दहा गुणांचा प्रश्न घालतो. उत्तरात अपेक्षा असते ती हीच, की प्रस्थापित मासिकांचे संपादकीय नियंत्रण नाकारण्यासाठी त्या लेखकांनी सायक्लोस्टाइल यंत्र जवळ केले, कारण छापण्याचे साधन ही साहित्यबाह्य गोष्ट नसते. हे सारे फळ्यावर लिहून आपण विभागात परततो आणि विभागाचे भित्तिपत्रक, विद्यार्थ्यांचे लेखन, शब्दसंग्रह, ध्वनिमुद्रणे असे सर्व काही अशा जागी टाकतो, जिथे उद्या दार बंद झाले तर आपल्याला विचारलेही जाणार नाही.

दार बंद होणे ही कल्पना नव्हे. जिओसिटीज २००९ साली बंद झाले. ऑर्कुट, ज्यावर मराठी कवितेचेही समुदाय होते, ते २०१४ साली. गूगल प्लस २०१९ साली आणि याहू ग्रुप्स २०२० साली. २०२१ मध्ये गूगलने शैक्षणिक संस्थांना आधी दिलेली अमर्याद साठवण मागे घेण्याचे जाहीर केले आणि २०२२ पासून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा लागू केली. यातील एकही निर्णय बेकायदा नव्हता आणि एकाही निर्णयात वापरणाऱ्याला मत नव्हते. भाडेकरूला नोटीस तरी मिळते व तो न्यायालयात जाऊ शकतो. फुकट राहणाऱ्या पाहुण्याला तोही हक्क नसतो.

इथे एका शब्दभेदाकडे लक्ष वेधावेसे वाटते. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि मुक्त हे दोन्ही अर्थ कोंबलेले आहेत. १९८३ साली मुक्त आज्ञावलींची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना म्हणूनच वर्षानुवर्षे हा गोंधळ निस्तरावा लागला. त्यांचे म्हणणे असे, की आज्ञावली वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्ये हवीत: ती कोणत्याही हेतूने चालवण्याचे, तिचे अंतरंग अभ्यासण्याचे, तिच्यात बदल करण्याचे आणि मूळ वा बदललेली प्रत दुसऱ्याला देण्याचे. मराठीत हा घोळ होण्याचे कारणच नाही, कारण आपल्याकडे दोन स्वतंत्र शब्द आहेत. फुकट ते मुक्त नव्हे, हे शेंबड्या पोरालाही कळते. तरीही मराठीचे अध्यापकच 'फुकट मिळते ना, मग झाले' असे म्हणतात, तेव्हा स्वतःच्या भाषेचा अर्थही आपण जगत नाही असे म्हणावे लागते.

मुक्तस्रोत आज्ञावली घ्यावी, आपल्या ताब्यातील विदागारावर, म्हणजे सर्व्हरवर, ती चालवावी आणि त्यावर आपले मराठी उभे करावे, ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. मायबोली १९९६ साली सुरू झाले आणि पुढे ड्रुपलवर आले. मनोगत २००४ साली, उपक्रम व मिसळपाव २००७ साली, ऐसी अक्षरे २०११ साली आले, तेही ड्रुपलवरच. द्रीस बाईतार्त या बेल्जियन विद्यार्थ्याने २००१ साली ड्रुपल सर्वांसाठी खुले केले. त्याला मराठीचा गंधही नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. आज्ञावली मुक्त असल्यामुळे आपल्या लोकांनी तिच्यावर देवनागरी टंकनाची सोय बसवली, तिचे शब्द मराठी केले. ओंकार जोशी यांच्या 'गमभन'सारख्या टंकनसाधनामुळे रोमन कळफलकावरून मराठी लिहिणे शेकडो लोकांना साधले. मराठी विकिपीडिया २००३ पासून मीडियाविकी या मुक्त आज्ञावलीवर चालतो. आपण ज्या शोधगंगेत पीएच.डी.चे प्रबंध चढवतो, तीही डीस्पेस या मुक्त आज्ञावलीवर उभी आहे. म्हणजे आपली पदवीसुद्धा मुक्तस्रोतावर तोललेली आहे. आपल्याला त्याची वार्ता नाही, इतकेच. ही संस्थळे उभारणारे बहुतांश हौशी लोक होते, मराठीचे पगारी अध्यापक नव्हते. त्यांत आपले विभाग किती होते? माझा तरी नव्हता.

"ते पुण्यामुंबईचे, अमेरिकेतले लोक, आपण पडलो मागासलेल्या जिल्ह्यातले," हे यावरचे ठरलेले उत्तर. त्यासाठी न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालयाचे उदाहरण पाहावे. २००० साल उजाडताना त्यांची जुनी ग्रंथालयप्रणाली निकामी होणार होती. नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी स्थानिक तंत्रज्ञांकडून स्वतःची करून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू केली आणि मग मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकली. तिचे नाव 'कोहा', माओरी भाषेत देणगी. पण अशी देणगी, जिच्यात परतफेडीची जाणीव गृहीत असते. आज भारतातील कितीतरी महाविद्यालयीन ग्रंथालये कोहावर चालतात. एका छोट्या ग्रामीण ग्रंथालयाला जे जमले, ते लाखनीला वा तुमसरला का जमू नये, याचे उत्तर 'मागासलेपण' हे नाही.

आता जे प्राध्यापक लिपी आणि पाठचिकित्सा शिकवतात, त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बांधले. वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिची उकल करीपर्यंत मराठीचे आद्य गद्य पंथाबाहेरच्या मराठी माणसाला वाचता येत नव्हते. महानुभावांना निदान श्रद्धेचे व रक्षणाचे कारण होते. आपण मात्र कोणत्याही कारणाविना आपल्या सकळ लिप्या निर्माण केल्या. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे; तरी दोन दशके आपण स्मरणिका, प्रबंध आणि शब्दसंग्रह अशा जुन्या टंकांत टंकले, की तो विशिष्ट टंक संगणकात नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची रांगोळी दिसते. झाडीबोलीतील कितीतरी लेखन अशा धारिकांत अडकलेले मी स्वतः पाहिले आहे. उकल करायला नवे राजवाडे येतील, अशी आशा करीत बसायचे काय?

झाडीबोलीचा प्रश्न आणखी नाजूक आहे. या बोलीत 'ळ'चा 'र' होतो. 'डोळा' हा 'डोरा' होतो. प्रमाण मराठीवर शिकवलेल्या यंत्राला 'डोरा' ही चूक वाटते आणि ते शब्दाखाली तांबडी रेघ ओढते. परक्याच्या जागेत ही रेघ पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही. स्वतःच्या विदागारावरील कोशात मात्र 'डोळा' शोधणाऱ्याला 'डोरा' सापडावा आणि 'डोरा' ही स्वतंत्र नोंद म्हणून मानाने उभी राहावी, अशी व्यवस्था आपण करू शकतो, कारण शोधाचे नियम बदलण्याची मुभा आपल्याला असते. बोलीला प्रमाणभाषेची चूक मानू नये, हे आपण भाषाविज्ञानाच्या तासाला शिकवतो. त्या तत्त्वाची अंमलबजावणी इथे होते किंवा होत नाही.

प्रत्यक्ष काम किती? जालावर भाड्याने मिळणारा छोटा आभासी संगणक महिन्याला काही शे रुपयांत येतो. त्यावर डेबियनसारखी लिनक्स प्रणाली, एक वेबसर्व्हर आणि एक विदासंच, म्हणजे डेटाबेस. त्यावर कोशासाठी मीडियाविकी किंवा ध्वनिमुद्रणे व हस्तलिखिते यांच्यासाठी ओमेका. दळणवळण सुरक्षित करणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून विनामूल्य मिळते व आपोआप नव्याने काढले जाते. हे मांडायला संगणकशास्त्राचा विद्यार्थी आठवडा घेईल आणि आपण महिना घेऊ. भाड्याचा संगणक हा 'स्वतःचा' कसा, असे कोणी विचारील. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याची पुस्तके त्याचीच असतात, आणि खोली सोडताना तो ती बरोबर नेतो. स्वामित्वाची कसोटी भिंती कोणाच्या ही नसून सामान उचलून नेता येते की नाही ही आहे. विदासंच आणि धारिका उचलून दुसऱ्या मालकाच्या संगणकावर दोन तासांत तेच संस्थळ उभे करता येते. महाविद्यालयातच संगणक ठेवावा हा हट्ट, आपल्याकडील वीज पाहता, मी धरणार नाही.

मात्र इथवर सांगून थांबलो, तर मी अप्रामाणिक ठरेन. स्वतःचे विदागार ठेवणे सोपे आहे, पण ते टिकवणे सोपे नाही. हे समजायला भंडारा जिल्ह्याइतके उत्तम ठिकाण नसेल. या भागातील हजारो तलाव ही कोहळी समाजाच्या कौशल्याची निशाणी. त्यांना आज 'मामा तलाव' म्हणतात. परगावच्या माणसाला त्यात जिव्हाळा वाटतो. खरा अर्थ 'माजी मालगुजारी' असा रुक्ष आहे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव शासनाचे झाले, आणि पाळ दुरुस्त करण्याचे, गाळ उपसण्याचे काम गावाच्या हातून सुटले. शासनाची दृष्टी मोठ्या धरणाकडे गेली. १९८८ साली पायाभरणी झालेले गोसीखुर्द हे त्याचे ठळक उदाहरण. मामा तलाव जागेवरच राहिले आणि तळातून भरत गेले. तलाव फुटल्याची बातमी होते, गाळाने भरल्याची होत नाही.

विदागाराचा गाळ म्हणजे न केलेली अद्ययावतता. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षागटाने सांगितले, की ज्यांनी जाहीर झाल्यापासून सात तासांत दुरुस्ती बसवली नाही, त्यांनी आपले संस्थळ फोडले गेले आहे असेच धरून चालावे. सात तास! आपल्याकडे एक कागद कार्यालयातून प्राचार्यांच्या टेबलावर जायला सात दिवस लागतात. तेव्हा 'मोठ्या कंपन्यांकडे अधिक सुरक्षित राहते' या आक्षेपात तथ्य आहे. ज्याला गाळ काढायचा नाही, त्याने तलाव बांधूच नये. पण गाळ काढावा लागतो म्हणून तलावच नको, हे शेतकरी कधी म्हणाला नाही. ते आपण पगारदार म्हणतो.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे, आणि तो माझा मीच घेतो. मालगुजारी ही काही रम्य गोष्ट नव्हती. तलाव गावाच्या श्रमाचा, पण सत्ता मालगुजाराची. स्वतःच्या विदागाराचेही असेच होते. ज्या एका उत्साही माणसाकडे परवलीचा शब्द असतो, तो हळूहळू मालगुजार बनतो. कोणाचा लेख ठेवायचा, कोणाचा उडवायचा, हे तो ठरवतो. तो रागावला, निवृत्त झाला वा मेला, की सारे संपते. कंपनीच्या जागी एक व्यक्ती आली म्हणून स्वातंत्र्य आले असे नव्हे. आमच्या विभागातील ओव्या कंपनीमुळे गेल्या, त्याहून अधिक त्या एकाच माणसावर सोपवल्यामुळे गेल्या. तंत्र बदलून ही सवय बदलत नाही.

म्हणून माझा प्रस्ताव तंत्राचा कमी आणि रिवाजाचा अधिक आहे. एका महाविद्यालयाने हे करू नये. तीन महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी मिळून करावे. झाडीपट्टी आज नागपूर आणि गोंडवाना अशा दोन विद्यापीठांत विभागली आहे. निदान विदागार तरी सीमा न पाहता एक असावे. किल्ल्या तिघांकडे असाव्यात आणि एकजण निवृत्त झाला की त्याच दिवशी चौथ्याकडे जाव्यात. काय बसवले, केव्हा बदलले, कसे उचलून न्यायचे, हे मराठीत, कागदाच्या नोंदवहीत, लिहिलेले असावे. दुरुस्तीची वार ठरलेली असावी. प्रती तीन असाव्यात. त्या दोन प्रकारच्या माध्यमांत असाव्यात आणि त्यांतली एक जिल्ह्याबाहेर असावी. लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली आणि ग्रंथ अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा उभारावा लागला, त्यातून पाठभेदांचा केवढा डोंगर उभा राहिला, हे आपण जाणतो. ध्वनिमुद्रणाला तर अनुयायीही नसतात. ती म्हातारी गायली, तसे तिच्या आवाजात कोणी गाऊन दाखवू शकत नाही.

येत्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आपण नेहमीप्रमाणे फलक लावू, दिंडी काढू, भाषणे करू. त्या दिवशी प्रत्येक मराठी विभागाने आणखी एक काम करून पाहावे. आपल्या विभागाने गेल्या वीस वर्षांत जे जमवले, ते कुठे आहे याची यादी करावी आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहावे: किल्ली कोणाकडे आहे, आणि तो माणूस उद्या नसेल तर काय. आम्ही ही यादी केली. त्यातील पहिल्या नोंदीपुढे आम्हाला 'नाही' असे लिहावे लागले. उरलेल्या नोंदींपुढे तसे लिहावे लागू नये, म्हणून आम्ही छोटे विदागार घेतले आहे. शेजारच्या दोन महाविद्यालयांना पत्रे पाठवली आहेत. ज्यांनी त्या चर्चासत्रात माझ्याबरोबर टाळ्या दिल्या, त्यांच्या उत्तरांची वाट पाहत आहे.